चिपळूणच्या वाटेवर पाणी कुठे

सानपाडा, नवी मुंबई
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय रुकय्या आपा,

अस्सलामु अलैकुम. एप्रिलपासून तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. रोजनिशीत तुझ्याशी बरंच बोलून झालं, पण ते टपालात पडलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मला बोलता आलं नसतं. घर दोन खोल्यांचं. अम्मीचे गुडघे गेले, कान मात्र तसेच आहेत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती आतून सांगते, 'आता होईल बघ.' तिच्यासमोर तिच्याबद्दल फोनवर काय बोलणार? म्हणून पत्र. तू लग्न होऊन चिपळूणला गेलीस तेव्हा आपण आंतरदेशीय पत्रं लिहायचो आणि दुमडायच्या कडेवरही मजकूर कोंबायचो. पत्र फोडताना तुझं निम्मं वाक्य फाटायचं, आणि मी ते पुढच्या पत्रात तुला विचारायची. तेवढाच एक विषय जास्त.

तुझ्या अल्मासच्या निकाहचं कार्ड पोचलं. मुबारक. पाकिटावर एकट्या अम्मीचं नाव होतं. मी पाकिटाची मागची बाजूही पाहिली, आणि मग पाहिली म्हणून स्वतःलाच हसले. आत कोपऱ्यात तू पेनानं लिहिलंयस : 'या वेळी तरी अम्मीला येऊ दे.' कार्ड वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली. गाळली हे बरोबर केलं का, हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला, म्हणून संध्याकाळी तीही वाचून दाखवली. अम्मी म्हणाली, 'तिला तसंच वाटणार.'

एप्रिलमध्ये अल्मासच्या मंगनीला आम्ही निघालो आणि पेणच्या पुढून परत फिरलो. 'गाडी बिघडली' असं तुला फोनवर अम्मीनंच सांगितलं. तू दुल्हाभाईंच्या पुतण्याला महाडहून गाडी घेऊन पाठवलंस, त्याला रस्त्यात आम्ही कुठेच दिसलो नाही, आणि तुला वाटलं मीच अम्मीकडून खोटं वदवून घेतलं. 'अब्बा गेल्यावर तिला सानपाड्याला नेलीस ती नेलीसच, आता दुसऱ्या लेकीच्या घरी पाऊलही टाकू देत नाहीस.' हे तुझं शेवटचं वाक्य.

गाडी बिघडली नव्हती, हे खरं. का परतलो, ते कुणाला सांगू नको म्हणून अम्मीनं शपथ घातली आहे. म्हणून आज इतकंच.

एक विचारते, चमत्कारिक वाटेल. तुमच्या संडासात पाण्याची तोटी कुठल्या हाताला आहे? आणि जमीन कोरडी राहते का?

तुझी
सफूरा


सानपाडा
रविवार, २६ ऑक्टोबर

आपा,

उत्तर आलं नाही. दिवाळीत टपाल रेंगाळतं, अशी स्वतःची समजूत घातली.

अम्मीला विचारलं, आपाला खरं सांगू का? ती मेथी निवडत होती. जुडी संपवूनच उठली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना आपण होऊन म्हणाली, 'लिहायचं तर नीट लिही. म्हातारीला आवरत नाही, असं लिहू नको.'

'मग कसं लिहू?'

'कॉलेजात शिकलीस ना? शोध शब्द.'

शब्द सापडले नाहीत, सरळच लिहिते. अम्मीला लघवी धरून ठेवता येत नाही. खोकली, हसली, पायरी उतरली की थेंब जातात. दोनेक वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही, वय झालं म्हणतील. पण तू तिची मुलगी आहेस. नमाजेसाठी हातपाय धुऊन वझू केल्यावर थेंब गेला असेल अशी नुसती शंका आली तरी ती साडी बदलते, बसलेली जागा धुते, पुन्हा वझू करते, आणि नमाजेला मुसल्यावर उभी राहिली की पुन्हा शंका. दुपारची जुहरची नमाज कधीकधी उन्हं उतरल्यावर, असरच्या तोंडावर संपते.

घरात हे कसंबसं निभतं. बाहेर नाही. आमच्या मजल्यावरच्या नमिताताई तिला बोलवायच्या, टीव्ही पाहायला, गप्पा मारायला. आता जात नाही. 'त्यांच्या सोफ्याला काही लागलं तर मी अल्लाला काय सांगू आणि नमिताला काय?'

मंगनीच्या दिवशी पेणच्या पुढे एका हॉटेलात थांबलो. जमिनीवर पाणीच पाणी. पिचकारीला जोर नाही, बादलीतलं पाणी गढूळ, त्यात मग तरंगतोय. अम्मी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा साडीचा काठ पार भिजलेला. गाडीजवळ उभी राहिली, आत बसेना. म्हणाली, 'मी नापाक आहे. अशी नातीच्या मंगनीत बसू? दुवा कुठल्या तोंडानं मागू?' दुसरी साडी होती बॅगेत. पण धुवायला भरवशाचं पाणी नव्हतं, आणि नुसती साडी बदलून तिचं मन बदललं नसतं. मी सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली. ती म्हणाली, 'घरी चल. आणि फोन दे.' आयुष्यात पहिल्यांदा मी अम्मीला खोटं बोलताना ऐकलं. किती सफाईनं बोलली गं.

त्यानंतर तिनं पाणी पिणंच कमी केलं. प्यायचंच नाही, म्हणजे जायला नको. ऑगस्टमध्ये जळजळ, ताप, सलाईन. डॉक्टर तिला रागावले. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा अर्धा पेला.

आणि हीच अम्मी, आपा. म्हसळ्याहून चिपळूणला नानीकडे निघालो की कापडी पिशवीत सगळ्यात आधी पाण्याचा तोटीचा बदना जायचा, मग आपले कपडे. कशेडी घाटाच्या अलीकडे एसटी थांबायची. बायकांच्या जागेत पाय ठेवण्यासारखं नसलं, की अम्मी सरळ ओढ्याकडे उतरायची. तू चादर धरायचीस, तोंड फिरवून. मी बदन्यानं पाणी घालायची. एकदा ड्रायव्हर हॉर्न वाजवत सुटला तेव्हा तू चादरीवरून ओरडलीस, 'ओ काका, आमची अम्मी वझू करतेय, थांबा.' आणि खरंच हॉर्न थांबला. अब्बा वरून सांगायचे, वाहत्या ओढ्यावर बसलात तरी पाणी जपून वापरा. अम्मी झाडीतून वर यायची ती ओल्या चेहऱ्यानं, पदर सावरत. शेवाळ्याचे दगड, म्हशी, पायाखाली चिखल, आणि तिच्या चेहऱ्यावर कसली म्हणून शंका नाही.

ती शंका कधी आली, ते मला कळलं नाही. मी तिच्यासोबत राहत असून.

तुझी सफूरा


सानपाडा
रविवार, ९ नोव्हेंबर

आपा,

तुझा निरोप आला. 'पत्र वाचलं. तोटी डाव्या हाताला आहे. उजव्या हाताला करून घेते.'

एवढ्या महिन्यांनी तुझे शब्द आले आणि ते हे. मी अम्मीला वाचून दाखवले. ती म्हणाली, 'रुकय्याला पहिल्यापासून कळतं.' मग न्हाणीत गेली, वझू केला आणि त्या दिवशी एकदाच केला. मला आनंद झाला. थोडं लागलंही. दोन्ही रोजनिशीत लिहिलंय, तर तुझ्यापासून का लपवू?

घराचं झालं, आता रस्त्याचं. सानपाडा ते चिपळूण. अम्मीला मध्ये तीनदा तरी उतरावं लागेल. म्हणून आधी जागा पाहून ठेवायचं ठरवलं. सदूची गाडी घेते. सदू सानपाडा गावातला, त्याच्या आजोबांची मिठागरं होती तिथे आता आमच्यासारख्यांच्या सोसायट्या आहेत, हे तो दर खेपेला सांगतो. दोन रविवार आम्ही गोव्याच्या रस्त्यावर संडास पाहत हिंडतोय.

पहिल्या हॉटेलात मॅनेजरनं विचारलं, 'किती जण जेवायला?'

'जेवायला कुणी नाही. तुमचं लेडीज टॉयलेट बघायचं होतं.'

सदूनं मागून सांगितलं, 'मॅडम तपासनीला आल्यान.' मग काय, मुलगा फडकं घेऊन धावला, फिनाईल ओतलं, नवा मग आला. पुढच्या हॉटेलात तर आम्ही पोचायच्या आधी फिनाईलचा वास पोचला होता. त्यांचं आपसात फोनवर बोलणं झालं असावं.

मी सदूला गाडीत म्हटलं, असं खोटं बोलायचं नाही.

'खोटा काय त्यान? तुमी तपासताव ना? मंग?'

'तपासते, पण सरकारकडून नाही.'

'सरकारचा नाव मी कवा घेतला?'

परतताना वाटलं, आपल्यासाठी म्हणून धुतलेली जागा पाहून काय कळणार? त्या दिवशी कशी असेल? तेव्हा दुसऱ्या रविवारी न सांगता गेले. एके ठिकाणी पाणी आहे पण कडी नाही. एके ठिकाणी कडी आहे, पाण्याऐवजी कागद आहे. एका पेट्रोल पंपावर सगळं ठीक, पण बसायची जागा इतकी उतरती की अम्मीचे गुडघे टिकायचे नाहीत. कोलाडच्या अलीकडे एका खानावळीची मालकीण म्हणाली, 'आमच्या घरातलं वापरा, आईंना घेऊन या.' स्वच्छ होतं. पण तिथे कुत्रा फिरत होता. आपण शाफई पंथाचे, कुत्र्याच्या लाळेचं तुला माहीत आहे, सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. तेही खोडलं.

तू असतीस तर काय केलं असतंस?

सफूरा


सानपाडा
रविवार, ३० नोव्हेंबर

आपा,

अल्मासनं फोटो पाठवलेत, तू सांगितलंस म्हणून की तिचं तिनं, माहीत नाही. न्हाणीला खरबरीत फरशी, भिंतीला धरायची दांडी, उजव्या हाताला तोटी, खाली पाय धुवायला बैठं स्टूल. खाली तिनं लिहिलंय, 'नानीची न्हाणी.' अम्मी फोटो मोठा करून करून बघते. एका फोटोच्या कडेला पडवीतली खोली दिसते. तिथे नवा पलंग टाकलाय, उशाशी कुराण ठेवायची रेहल, खिडकीला पडदा. अम्मीनं ते पाहिलं का, मी विचारलं नाही.

माझ्या ऑफिसचं तुला सांगितलेलं नाही. महाप्यात आमच्या मजल्यावरचे संडास नवे केले. हात पुढे केला की चार थेंब देणारे नळ, आणि बाकीच्याला कागद. मी ड्रॉवरमध्ये पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवते, भरून आत नेते. शेजारी बसणारी संघप्रिया म्हणते, 'तुझा ड्रॉवर उघडा राहिला की नवा साहेब टेन्शनमध्ये येतो. विचारत होता, मॅडम एवढं काय पितात?' जुहरला मी बेसिनमध्ये पाय धुते तेव्हा तीच दाराशी उभी राहते. तिथे आता पाटी लागली आहे, पाय धुऊ नयेत. आरशात एक बाई एका पायावर उभी दिसते, पंचेचाळिशीची, घाबरलेली. आपण दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसून पाय धुवायचो, तू मुद्दाम माझ्यावर शिंतोडे उडवायचीस, ते मला रोज तिथे आठवतं.

डबा खाताना मी संघप्रियाला अम्मीचं सांगितलं. नाव न घेता सांगायचं होतं, पण जमलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचं गाव परभणीकडे. म्हणाली, 'राग नको मानू. पण शुद्ध-अशुद्ध हे शब्द आले की माझे कान उभे राहतात. माझ्या आजीला लोक पाणवठ्यापासून लांब ठेवायचे. तुझी आई तर स्वतःलाच ठेवतेय.'

मी म्हटलं, 'ते वेगळं. आमच्यात माणूस नापाक नसतो. वस्तू नापाक असते, ती धुतली की झालं. माणसाच्या शिवण्यानं काही होत नाही.'

'बरं. मग हे तुझ्या आईला कुणी सांगितलंय का?'

डबा तसाच राहिला माझा.

त्या गुरुवारी सुट्टी घेऊन तळोजा गावात गेले. तिथे सईदा बाजी बायकांना दीनची, नमाज-रोज्याची शिकवण देतात. मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'दर गुरुवारी सगळ्या गेल्यावर कुणीतरी मागे थांबते आणि हेच विचारते. तुझ्या अम्मी का?' मग सांगितलं. असा माणूस माजूर, त्याला सवलत असते. नमाजेची वेळ झाली की धुवायचं, कापड नाहीतर पॅड बांधायचं, वझू करायचा आणि लगेच पढायची. मग थेंब गेला तरी नमाज झाली. दर फर्ज नमाजेला हे नव्यानं. प्रवासात जुहर आणि असर एकत्र पढायची मुभा आहेच. आणि संडासातल्या ओल्या जमिनीचं : नापाक असल्याची खात्री नसेल तर पाणी ते पाणी, शंकेनं पाकी जात नाही. पॅडबद्दल मी पुन्हा विचारलं, कारण अम्मी म्हणायची, नजासत, ती घाण, अंगाला बांधून नमाज कसली. बाजी म्हणाल्या, 'अगं, बांधा असंच किताबात आहे.'

अम्मीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मुभा आजाऱ्याला असते. म्हातारपण काय आजार आहे?' उठून गेली. मग मी संघप्रियाला जे म्हटलं होतं ते म्हटलं, तिच्या पाठीमागून, की माणूस नापाक नसतो.

अम्मी दारात थांबली. 'हे कोण म्हणालं?'

'मीच. संघप्रियाला समजावत होते.'

'तिला समजावलंस,' अम्मी म्हणाली. 'मला दोन वर्षं नुसत्या बादल्या भरून दिल्यास.'

त्या दिवशी तिनं पॅड लावून नमाज पढली. असरला शंका आलीच, बदलून पुन्हा पढली. पण संध्याकाळची मगरिब एकदाच. आणि पाण्याचा पेला पूर्ण प्यायली, माझ्याकडे बघत.

रस्त्यावरची जागा मात्र अजून एकही पक्की नाही. माझ्या मते.

सफूरा


सानपाडा
रविवार, १४ डिसेंबर

आपा,

आज जे झालं ते आजच लिहायला हवं. उद्यापर्यंत मी ते तासून गुळगुळीत करीन.

सकाळी अम्मी म्हणाली, मला एकदा रस्ता दाखव. सदूला बोलावलं. ती मागे बसली, बदना मांडीवर, जुनाच, तोटीला पोचा आलेला. पनवेल गेलं, पेण गेलं. एके ठिकाणी तिनं सदूच्या खांद्याला हात लावला. 'इथं थांब.' ते तेच हॉटेल होतं, एप्रिलचं.

मी म्हटलं, 'अम्मी, इथलं चांगलं नाही. मी पाहिलंय.'

'मी पण पाहिलंय,' ती म्हणाली आणि उतरली.

मी दाराबाहेर थांबले. आतून नळाचा आवाज, मग बदना टेकवल्याचा आवाज. ती बाहेर आली, साडी गुडघ्याशी धरलेली, पाय ओले. म्हणाली, 'पाणी आहे. बस झालं.' हॉटेलच्या मागच्या ओट्यावर वझू करून गाडीच्या आडोशाला मुसल्यावर खुर्ची मांडून तिनं जुहर पढली. सदूनं खुर्ची आणली, आणि लोक त्या बाजूनं जाऊ नयेत म्हणून उगाच बॉनेट उघडून उभा राहिला.

चहा घेताना तिनं विचारलं, 'किती जागा पाहिल्यास तू?'

मी सांगितल्या. प्रत्येकीत काय खोट होती तेही.

सदू म्हणाला, 'मावशी, ताई नाकान वास घेत नाय, कायद्यान घेते.'

अम्मी हसली. हसली तशी पॅडचीच आठवण झाली तिला, मला दिसलं, पण हसायची थांबली नाही. मग कप खाली ठेवला. 'कोलाडच्या बाईनं घरातलं वापरा म्हटलं, तेही चालेना? कुत्रा काय संडासात बसला होता?'

'अंगणात होता.'

'मग?'

सदू टायर बघायला गेला. टायरला काही झालेलं नव्हतं.

'सफूरा, तुला मला न्यायचंय का गो?'

आपा, मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते आलं नाही. मी तुझी लहान बहीण, हिशोबानं वागणारी, खोटं टाळणारी. एवढे रविवार मला खरंच वाटत होतं की मी अम्मीसाठी शोधतेय. पण 'उजव्या हाताला करून घेते' हा तुझा निरोप आल्यापासूनची रोजनिशीतली पानं गाडीतच मनात चाळून पाहिली. त्या आधी मी जागा शोधत होते. त्यानंतर खोट शोधत होते.

अम्मी म्हणाली, 'रुकय्यानं ठेवून घेतलं तर, हेच ना?'

माझा तलाक झाल्यावर सानपाड्याच्या या घरात मी एकटी होते, तुला माहीत आहे. दार उघडलं की आत जसं ठेवून गेले तसंच सगळं. अब्बांनंतर अम्मी आली तेव्हा तिची सोय केली असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. संध्याकाळी महाप्याहून आले की खिडकीत दिवा दिसतो. सोय कुणाची झाली, ते तुला कधी सांगितलं नाही. तुझी तक्रार निम्मी खरी होती. एप्रिलला ती खोटी होती, नोव्हेंबरपासून खरी झाली.

मी अम्मीला फक्त 'हो' म्हटलं.

तिनं चहा संपवला. 'मी काय खुर्ची आहे का, हिनं ठेवायला नि तिनं ठेवायला? चिपळूणला जाऊ. मला राहावंसं वाटलं तर राहीन. नाही वाटलं तर येईन. तू मधे मधे फिनाईल टाकू नको.'

परतीच्या वाटेवर ती झोपली, बदना तसाच मांडीवर. वळणावर तो कलंडला, पाणी तिच्या साडीवर सांडलं. मी घाबरून पाहिलं. तिनं एक डोळा उघडला, हात फिरवला, म्हणाली, 'पाणी आहे,' आणि पुन्हा मिटला.

सफूरा


सानपाडा
मंगळवार, २३ डिसेंबर

आपा,

हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच देईन. परवा पहाटे फजरच्या नमाजेनंतर निघतो. पहिला थांबा पेणच्या पुढे, तिथली माहिती तुला आहेच. दुसरा कोलाडच्या बाईंकडे. काल फोन केला तर म्हणाल्या, कुत्रा बांधून ठेवते, आईंना सांगा. तिसरा कशेडीच्या अलीकडे, जुन्या रस्त्यानं. ओढ्याला अजून पाणी आहे असं सदू बघून आलाय. अम्मीला गुडघ्यांमुळे उतरता यायचं नाही, पण तिला तो वरून बघायचाय. चादर मी घेतली आहे. गरज नाही, तरी घेतली आहे.

काल तू अम्मीच्या फोनवर फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पॅड कुठल्या मापाचे, मऊ की जाड, हे तुम्ही दोघी अगदी साडीचा पोत विचारावा तशा बोलत होता. मग अम्मीनं फोन माझ्या कानाला लावला. तू म्हणालीस, 'तुझ्या नावाचं कार्ड इथंच राहिलं होतं. आलीस की घे.' आणि मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

ऑफिसातून चार दिवसांची रजा मिळाली. संघप्रिया म्हणाली, परत आलीस की रात्री जेवायला माझ्याकडे ये, एकटी जेवू नको. अम्मी तिकडेच राहील कदाचित, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

अम्मी किती दिवसांसाठी येतेय, हे तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. तिची बॅग तिनंच भरली. निकाहची जरीची एक, रोजच्या जाड चार साड्या, लोकरीची शाल, औषधं. बॅग अर्धी रिकामी आहे. तिनं ती बंद केली नाही, पलंगावर उघडी ठेवली आहे आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'बाकी तुझं तू बघ.'

फेब्रुवारीत रमजान लागेल. मार्चमध्ये चिपळूणला किती उकडतं, ते तुला सांगायला नको, मलाही नानीकडच्या सुट्ट्यांमुळे माहीत आहे.

उद्या : अम्मीच्या उन्हाळ्याच्या सुती साड्या माळ्यावरून काढून बॅगेत भरायच्या.